इंजिनात करडईचं तेल

बॅटरी चांगली आहे असं दत्तराव मिस्त्रीने सांगितलं, तेव्हा दगडाबाईचा चेहरा उतरला. बॅटरी चांगली निघाली म्हणून हळहळणारी बाई चुडाव्याच्या आसपास शोधून सापडली नसती. पण सकाळी चुलीपुढे बसून तिने देवाला एवढंच मागितलं होतं, की बिघाड बॅटरीचा निघू दे. बॅटरी बदलता येते. ती कोणामुळे गेली असं कोणी विचारत बसत नाही.

"दिवे बगा की कसे लख्ख लागायलेत," दत्तराव म्हणाला. "बॅटरीचा काय दोष न्हाई."

"मंग सेल्फ गेला असंल," परमेश्वर म्हणाला. हा तिचा एकुलता एक मुलगा. कपाळाला आठ्या घालून तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता.

"हाव, सेल्फच गेला असंल," दगडाबाई घाईने म्हणाली, आणि दोघांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात ट्रॅक्टरला हात न लावलेली आई आज सेल्फवर मत देत होती. तिने चहाच्या कपबशा उचलल्या, पण घरात काही गेली नाही. गोठ्याच्या मेढीशी उभी राहिली.

गोठा नावालाच होता. बैल जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या जागी हा ट्रॅक्टर उभा होता. मूळचा निळा रंग आता कुठे कुठे शोधावा लागे. आबासाहेबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तो ऐन उमेदीत घेतला होता. हौशा आणि गुलब्या ही बैलांची जोडी म्हातारी होऊन मेली तेव्हा त्यांनी परत बैल घेतले नाहीत. पण पोळ्याला दावण रिकामी कशी ठेवायची? त्या वर्षी आदल्या दिवशी त्यांनी वाटीत हळद आणि तूप कालवलं आणि खांदेमळणी केली ती ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. सगळी गल्ली पोट धरून हसली. आबासाहेब स्वतःही हसले. पुढच्या वर्षी परत केली, त्याच्या पुढच्या वर्षी परत, आणि मग ती त्या घराची रीतच होऊन गेली. पोळ्याला हार घालून ट्रॅक्टर वेशीत जायचा आणि लोक म्हणायचे, आला आबांचा हौशा. थट्टा किती गोड असते! म्हणूनच ती कधी संपली ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. यंदाच्या पोळ्याला आबासाहेब बॉनेटवर हळद चोळत होते तेव्हा सगळे हसले, फक्त ते हसले नव्हते. ते खरोखरच बैलाचा खांदा मळत होते. हे पाहिलं ते एकट्या दगडाबाईने.

दोनेक वर्षं ती हे झाकत आली होती. आबासाहेब आंघोळ करून यायचे आणि पुन्हा पाण्याचा बंब पेटवायचे. मेलेल्या बहिणीला दिवाळीला आणायला जायचं म्हणून टोपी घालून निघायचे. दगडाबाई कधी हसण्यावारी न्यायची, कधी त्यांच्या आधी स्वतः बोलून वेळ मारून न्यायची. घरी कोणी आलं की ती लांबूनच ओरडायची, "अवं, रामप्रसाद भावजी आलेत बगा!" म्हणजे आलेला कोण हे त्यांना कळावं आणि आलेल्याला काही कळू नये. आबांना कमी ऐकू येतं, असं तिने गावात पसरवून ठेवलं होतं. बहिरेपणाला कोणी हसत नाही. पलीकडच्या आळीतल्या सगुणाबाईच्या नवऱ्याचं काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरं त्याच्या मागे लागून त्याला खोटी नावं सांगायची आणि शेवटी शेवटी लेकांनी त्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. बांधाच्या भांडणात पंच म्हणून ज्यांना चार गावं बोलवायची, त्या आपल्या माणसावर ती पाळी येऊ द्यायची नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

दत्तरावाने सेल्फच्या तारा तपासल्या, खरवडून घट्ट केल्या, आणि परमेश्वराला चावी मारायला लावली. खट् असा आवाज झाला आणि सगळं गप्प. पुन्हा खट्, पुन्हा गप्प.

"सेल्फ बी चांगला हाय," तो म्हणाला. "जोर लावायलाय, पर म्होरं काय तरी धरून बसलंय. इंजनच फिरंना." त्याने मोठा पाना घेतला, पुढच्या पुलीच्या नटाला लावला आणि अंगाचा भार टाकला. एरवी पान्याने जे इंजिन हळूहळू का होईना फिरतं, ते जागचं हललं नाही. दत्तरावाच्या मानेची शीर फुगली. त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, "बंद पडायच्या आधी काय करत हुतं?"

"धूर मारायचं," परमेश्वर म्हणाला. "आन् आपला डायवर सिद्धोधन म्हणायचा, वास यायलाय."

"कसला वास?"

"काय तरी भजे तळल्यासारखा म्हणं. म्या ध्यान दिलं न्हाई."

दगडाबाईने मेढ घट्ट धरली. तिला तो वास माहीत होता. महिनाभरापूर्वी घरातला करडईच्या तेलाचा डबा उचलला तर तो हलका लागला. घाण्यावरून आणलेलं वर्षाचं तेल असं कसं उतरलं म्हणून ती सुनेवर, राजेश्रीवर, तोंड टाकून मोकळी झाली. भाजीत तेलाचा तवंग आणतेस, तुझ्या बापाचा घाणा आहे का, असं नको ते बोलली. राजेश्रीने डोळ्याला पदर लावला आणि दोन दिवस सासूशी बोलली नाही. मग एका रात्री जेवताना आबासाहेब अगदी समाधानाने म्हणाले होते, "हौशाला पाजायलोय रोज. लय ओढलंय बिचाऱ्यानं, आता रबीची नांगरट हाय." जुनं काही आठवलं असेल असं तिला वाटलं. नांगरटीच्या आधी बैलांना करडईचं तेल पाजायची त्यांची पद्धतच होती. बांबूचं नळकांडं तेलाने भरायचं, बैलाची मान वर करायची आणि घशात रिकामं करायचं. तेलाने बैलाच्या अंगावर तकाकी येते असं ते म्हणत.

ट्रॅक्टर शेतात बंद पडला आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढत घरी आणला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गोवऱ्या आणायला गोठ्यात गेली. आढ्याला खोचलेलं नळकांडं चाकापाशी पडलं होतं. बॉनेटवरून तेलाचा ओघळ आला होता. ऑईल ओतायचं झाकण उघडंच होतं. इतकी वर्षं त्या भोकातून ऑईल आबासाहेबच ओतत आले होते. डोकं चुकलं तरी हात चुकले नव्हते. तिने झाकण लावलं, बॉनेट पदराने पुसलं आणि नळकांडं चुलीत घातलं. तेल मुरलेला बांबू भडभडून जळाला. कोणाला कळणार नाही, इंजिन काय बोलून दाखवणार आहे, असं तिला वाटलं होतं.

इंजिन आता बोलायला लागलं होतं. दत्तरावाने ऑईल मोजायची पट्टी बाहेर ओढली. ती सहज आली नाही. तिच्याबरोबर एक तपकिरी तार लांबत आली, आणि पट्टीवरची खूण सोडून केवढं तरी वरपर्यंत ते चिकट लडबडलेलं होतं. त्याने ते बोटांवर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मग खाली झोपून चेंबरचा बोल्ट सोडला. ऑईल भळभळा यायला हवं होतं. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग काकवीसारखा एक जाड थेंब लोंबत राहिला.

दत्तराव उठून बसला. "परमेश्वर, तुज्या घरी तेल कुठलं खातेत?"

"कर्डीचं. कामून?"

"मंग हुंग की हे." त्याने बोट पुढे केलं. "कुणी तरी इंजनात कर्डीचं तेल वतलंय. थोडंथिडकं न्हाई, चांगलं डबाभर. तापून तापून त्याचा डिंक झाला. आतलं सगळं धरून बसलंय. क्रँक गेला असंल, बेरिंगा तर गेल्याच."

परमेश्वराने रागाने चाकाला लाथ घातली. आणि मग त्याच्या तोंडून जे नाव निघालं ते दगडाबाईला आधीच ठाऊक होतं. गावात काही बिघडलं की काही माणसांची नावं लोकांच्या जिभेवर तयारच असतात. सिद्धोधन नदीकडच्या वस्तीतला, आणि इतकी वर्षं त्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. मागच्याच पंधरवड्यात मुलीला, अर्पिताला, परीक्षेला परभणीला न्यायचं म्हणून त्याने सुट्टी मागितली होती, आणि परमेश्वर भर रस्त्यात चार लोकांदेखत त्याला नको नको ते बोलला होता. सिद्धोधन तरीही गेला होता.

"त्याचाच डाव हाय ह्यो," परमेश्वर म्हणाला आणि त्याने फोन लावला.

सिद्धोधन लगेच आला. चपला गोठ्याच्या बाहेर काढून आत आला, कारण ट्रॅक्टरपाशी तो चपला घालून कधी जात नसे. परमेश्वर त्याच्या अंगावर धावूनच गेला. सिद्धोधनने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तो इंजिनापाशी वाकला. पट्टीवरचं ते चिकट त्याने हुंगलं. मग त्याची नजर गोठ्याच्या दारापलीकडे गेली. तिथे लिंबाखाली आबासाहेब बसले होते आणि अंबाडीचा दोर वळत होते, न चुकता, एकसारखा. सिद्धोधनने नजर काढून दगडाबाईकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याला कळलं आहे, हे तिलाही कळलं.

"बोल की आता," परमेश्वर ओरडला. "कामून वतलंस?"

"वासाचं म्याच सांगितलं हुतं तुमाला. म्या वतलं असतं तर म्या सांगितलं असतं का?" सिद्धोधनचा आवाज चढला नाही. तो तिच्याकडे वळला. "काकी, इतकी वर्सं मला बगायलात तुमी. तुमाला काय वाटतं?"

वेळ हीच होती. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते दगडाबाईच्या घशापर्यंत आलंही होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे सगुणाबाईच्या घरातली ती बाहेरून लावलेली कडी आली.

"मला काय म्हाईत बाबा," ती म्हणाली. "मी घरात असते."

सिद्धोधनने मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. परमेश्वराची जीभ आता मोकळी सुटली. ठाण्यात जातो म्हणाला, पूर्ण्यापासून गंगाखेडपर्यंत एकाही ट्रॅक्टरवर तुला बसू देणार नाही म्हणाला. दत्तराव हातातला पाना पुसत राहिला, पुसून झालेला परत पुसत राहिला. सिद्धोधनने खिशातून त्याच्याकडची ट्रॅक्टरची दुसरी चावी काढली, सीटवर ठेवली आणि बाहेर पडून चपला घातल्या. दगडाबाईच्या मनात आलं, झालं, सुटलो. असं वाटल्याची तिला त्याच क्षणी इतकी लाज वाटली, की तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

जाताना सिद्धोधन लिंबाखाली थांबला. आबासाहेबांपुढे वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "आबा, सिद्धोधन हाय मी. तुमचा डायवर. जायलाव बरं का."

"जा बाबा. जेवलास का?" आबासाहेब म्हणाले.

"जेवलो."

दगडाबाईने तोंडावरचा पदर बाजूला केला. नाव आधी सांगायचं, नातं सांगायचं, मग बोलायचं. ही तिची युक्ती होती आणि ती एकट्या तिलाच ठाऊक आहे असं ती समजत होती. हा माणूस कधीपासून तिच्या जोडीने तिच्या नवऱ्याला झाकत होता, आणि आज त्याच्या नावाला काळं फासलं जात असतानासुद्धा त्याने ते पांघरूण काढलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

"सिद्धोधन, थांब!" ती ओरडली. "परमेश्वर, त्यानं न्हाई वतलं. तुज्या बापानं वतलंय."

"काय बोलायलीस आई?"

मग ती थांबलीच नाही. डब्यातलं तेल सांगितलं, नळकांडं सांगितलं, ते चुलीत घातल्याचं सांगितलं. हौशाचं सांगितलं. दोन वर्षांचं सगळं, बंब, टोपी, मेलेली नणंद, सगळं एका दमात बाहेर पडलं. बोलताना ती रडत नव्हती. परमेश्वर आधी रागाने, मग गोंधळून आणि मग लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. राजेश्री घरातून बाहेर येऊन उंबऱ्यापाशी उभी होती, तिनेही ऐकलं.

आणि आबासाहेबांनीही ऐकलं. नशीब असं वाईट, की त्या घडीला त्यांचं डोकं लख्ख होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते शब्द त्यांच्या कानावरून निघून गेले असते. ते दोर खाली ठेवून उठले आणि सावकाश गोठ्यात आले.

"मी?" त्यांनी बायकोला विचारलं. "मी इंजनात तेल वतलं?"

आबासाहेबांनी दत्तरावाजवळची पट्टी घेतली, त्या चिकट तारेकडे पाहिलं, नाकाशी नेली.

"दत्ता, क्रँक गेला का?"

"बगावं लागंल आबा. हुतंय दुरुस्त."

"खोटं बोलू नको. बेरिंगा धरल्या म्हणल्यावर क्रँक ऱ्हातो व्हय?" आवाज जुना होता, पंचाच्या बैठकीतला. त्यांनी पट्टी जागेवर नीट बसवली, धोतराला बोटं पुसली. मग कोणाकडेही न बघता विचारलं, "मला कामून आठवंना?"

परमेश्वर पुढे झाला, त्याने बापाचा दंड धरला आणि त्यांना बाजेवर नेऊन बसवलं. परत आला तेव्हा तो सिद्धोधनला म्हणाला, "उद्यापास्नं ये कामाला." माफी त्याला मागता आली नाही. त्याचा आवाज मात्र खाली आला होता.

"ट्रॅक्टर कुठाय?" सिद्धोधन म्हणाला. "आन् असता तरी न्हाई आलो असतो. गंगाखेडला ऊस वाहायला डायवर पाह्यजेत म्हणायलेत." मग तो दगडाबाईजवळ आला. "काकी, तुमी सांगितलं, बरं केलं. पर आधी न्हाई म्हणलात, ते बी ऐकलं म्या." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तिला ते सोसलं नाही. तो पुन्हा त्या घरी आला नाही.

रबीची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली. दत्तरावाने इंजिन उघडून पाहिलं आणि पुन्हा जोडलंच नाही. दगडाबाईने ज्याची धास्ती घेतली होती त्यातलं मात्र काहीच घडलं नाही. परमेश्वराने बापाला कोंडलं नाही. उलट परभणीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, फवारणीची औषधं आणि डिझेल कुलपात ठेवलं, गल्लीतल्या पोरांना दम भरला. राजेश्री तर सासऱ्याला पानावर बसवून सगळं हातात देऊ लागली. तेलावरून ऐकलेल्या बोलण्याचा तिने एकदाही उच्चार केला नाही. लोक आबांशी हळू आवाजात, गोड बोलायला लागले. एवढं चांगलं होईल असं कोणी आधी सांगितलं असतं, तर दगडाबाई दोन वर्षं कशाला कुढत बसली असती!

पण त्या दिवशी गोठ्यात ऐकलेलं आबासाहेब विसरले नाहीत. बहीण मेल्याचं ते विसरत, जेवल्याचं विसरत, कधी राजेश्रीचं नावही विसरत. आपल्या हातून काहीतरी मोठं बिघडलं आणि ते आपल्याला कळलंही नाही, एवढं मात्र त्यांच्या आत पक्कं बसलं. काय बिघडलं तेही ते विसरले असावेत, भीती तेवढी राहिली. ते कशालाही आपणहून हात लावीनात. दोर वळायचं सोडलं. दार लोटायच्या आधी थांबत, सदरा घालायच्या आधी थांबत, आणि बायको दिसेपर्यंत तसेच उभे राहत.

एका दुपारी ते उन्हातून येऊन ओसरीवर टेकले. दगडाबाईने माठातलं पाणी तांब्यात भरून त्यांच्या हातात दिलं. ओठ सुकले होते, तरी ते तांब्याकडे बघत राहिले.

"पिऊ का?" त्यांनी विचारलं.

"प्या की."

"हे मीच प्यायचं ना? दुसऱ्या कुणाचं न्हाई ना?"

"तुमचंच हाय," दगडाबाई म्हणाली. "प्या." तिने स्वतःच्या हाताने तांब्या त्यांच्या ओठाला लावला, आणि मगच त्यांनी तोंड उघडलं.